मोठी कंपनी की छोटी? ऑफर लेटरवर सही करण्याआधीची तपासणी

मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत पगार कधी येणार हे पक्कं माहीत असतं, काम कोणतं मिळणार हे मात्र रुजू होईपर्यंत कळत नाही. छोट्या कंपनीत काम काय आहे ते दुसऱ्या मुलाखतीपर्यंत स्पष्ट झालेलं असतं, पगार किती महिने वेळेवर येईल ते कुणी सांगत नाही. म्हणजे दोन्हीकडे एक बाजू उघडी आणि एक झाकलेली. तपासणीसाठी जेमतेम चार-पाच दिवस असतात, ते झाकलेल्या बाजूवर खर्च करायचे. बहुतेक जण नेमकं उलट करतात. नाव ओळखीचं म्हणून मोठ्या कंपनीला प्रोजेक्टबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत, आणि छोट्या कंपनीच्या मालकाशी रिअ‍ॅक्ट की अँग्युलर, कोणतं तंत्र बरं, यावर तासभर बोलतात पण तिचा ताळेबंद उघडून बघत नाहीत.

'मोठी' आणि 'छोटी' हे शब्दही जरा सोडवून घ्यायला हवेत. पुण्यात निदान चार प्रकार भेटतात. हजारो माणसांच्या सर्व्हिस कंपन्या, ज्या ग्राहकाला माणसांचे तास विकतात. परदेशी बँका आणि उद्योगांची स्वतःची केंद्रं, ज्यांना जीसीसी म्हणतात. गुंतवणूकदारांच्या पैशावर चालणारे स्टार्टअप. आणि बाणेर, कोथरूड, कर्वेनगरच्या इमारतींत एखाद-दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या, दोन-तीन परदेशी ग्राहकांवर चालणाऱ्या १५ ते ६० माणसांच्या सर्व्हिस कंपन्या. शेवटच्या दोन्ही छोट्याच, पण त्यांची दुखणी वेगळी. स्टार्टअपचा पैसा संपतो, छोट्या सर्व्हिस कंपनीचा ग्राहक निघून जातो.

दोन्ही आकडे आधी एका मापात आणा

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च. सीटीसीची तुलना सीटीसीशी करू नका. समजा दोन्ही ऑफर ९ लाखांच्या आहेत.

मोठ्या कंपनीच्या ९ लाखांत १० टक्के व्हेरिएबल (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग), म्हणजे ९०,००० रुपये. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं, ४,५०,००० रुपये. त्यावर १२ टक्के दराने कंपनीचा पीएफ ५४,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २१,६४५. विम्याचा हप्ता १२,००० धरू. हे सगळं वजा केलं की दर महिन्याला मिळणाऱ्या पगारासाठी वर्षाचे ७,२२,३५५ रुपये उरतात, महिन्याला ६०,१९६. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की हातात साधारण ५५,५०० येतात.

छोट्या कंपनीच्या ९ लाखांत व्हेरिएबल नाही, विमा नाही, ग्रॅच्युइटीचा रकाना नाही, आणि पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८००. वर्षाचे २१,६०० वजा जाता महिना ७३,२००, कपातीनंतर ७१,२००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर आयकर शून्य, त्यामुळे इथे तो मध्ये येत नाही.

महिन्याला १५,७०० चा फरक म्हटल्यावर डोळे दिपतात. वर्षाला ते १,८८,००० होतात. आता त्यातून परत वजाबाकी करा. पहिल्या ऑफरमध्ये पीएफच्या दोन्ही बाजू मिळून वर्षाला १,०८,००० साठतात, दुसरीत ४३,२००. हा ६४,८०० चा फरक तुमचाच पैसा आहे. व्हेरिएबल ८० टक्के मिळालं तरी ७२,०००. उरला सुमारे ५१,००० चा फरक, त्यात विम्याचे १२,००० पकडले की ४०,००० च्या आत. ग्रॅच्युइटी यात धरू नका, कारण कायम कर्मचाऱ्याला ती पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते आणि या धंद्यात पाच वर्षं एका जागी बसणारे थोडेच.

विम्यात आईवडील आहेत का, हे मात्र वेगळं विचारा. साताऱ्याला किंवा लातूरला आई-बाबा साठीच्या पुढे असतील, एकाला मधुमेह असेल, तर बाजारात त्यांची पॉलिसी महाग पडते आणि आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षाकाळ लागतो. गटविम्यात बहुधा तो पहिल्या दिवसापासून धरला जातो. विमारक्कम किती, खोलीभाड्यावर मर्यादा आहे का, आणि को-पे म्हणजे बिलातला किती टक्के वाटा तुमच्या खिशातून, हे तीन आकडे एचआरकडून मेलवर घ्या. तोंडी 'हो, पॅरेंट्स कव्हर्ड आहेत' याचा उपयोग नाही.

व्हेरिएबलबद्दल 'किती टक्के' एवढं विचारून थांबू नका. 'गेल्या चार तिमाहींत प्रत्यक्ष किती टक्के दिलं' हा खरा प्रश्न. उत्तर टाळलं गेलं तर ५० टक्के धरून हिशेब करा.

छोटी कंपनी: पैसा आहे का, आणि कुणाचा

इथून सुरुवात कंपनीच्या सीआयएन क्रमांकाने, म्हणजे तिच्या सरकारी ओळख क्रमांकाने. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला तो आपल्या लेटरहेडवर छापावा लागतो. एकूण २१ अक्षरं-अंक: पहिलं अक्षर एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, यू म्हणजे न नोंदलेली, मग पाच अंकी उद्योगसंकेत, मग राज्य, महाराष्ट्रासाठी एमएच, मग स्थापनेचं वर्ष, मग पीटीसी (प्रायव्हेट) किंवा पीएलसी (पब्लिक), शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. 'आम्ही १२ वर्षं या क्षेत्रात आहोत' म्हणणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२३ दिसलं तर कारण विचारा. कारण सरळही असू शकतं, आधी भागीदारी होती आणि नंतर कंपनी केली. पण उत्तर मिळायला हवं.

हा क्रमांक कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टाकला की मूळ माहिती फुकट दिसते. त्यात दोन गोष्टी पाहा. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा दाखल आहे: मार्चअखेरचा ताळेबंद साधारण ऑक्टोबर संपेपर्यंत दाखल व्हायला हवा, तेव्हा डिसेंबरातही दोन वर्षांपूर्वीचाच दिसत असेल तर कंपनीचा हिशेबच मागे पडला आहे. आणि चार्ज, म्हणजे कंपनीने मालमत्ता तारण ठेवून घेतलेलं कर्ज. कर्ज असणं वाईट नाही, पण ३० माणसांच्या कंपनीवर सहा महिन्यांत तिसरं कर्ज दिसलं तर पगार त्यातूनच निघताहेत अशी शंका घ्यायला जागा आहे. १०० रुपये भरले की ताळेबंद आणि नफातोट्याचा कागदच उघडतो. त्यातला 'कर्मचाऱ्यांवरील खर्च' आणि 'एकूण उत्पन्न' शेजारी ठेवून बघा. खर्च उत्पन्नाच्या वर गेला असेल तर फरक कोण भरतो हे शोधा.

याहून उपयोगी आणि कमी लोकांना माहीत असलेली जागा म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरचा 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'. कंपनीचं नाव टाका, यादीतून ती निवडा, आणि भरणा तपशील उघडा. प्रत्येक महिन्यासाठी पीएफ कोणत्या तारखेला भरला, किती भरला आणि किती माणसांसाठी भरला, हे ओळीने दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो. एक-दोनदा १८-२० तारीख झाली तर फार मनावर घेऊ नका. सलग सहा महिने ती २५, ३० किंवा दोन महिने पुढे सरकत गेली असेल तर त्या कंपनीत रोख पैशाची ओढाताण आहे, मालक कितीही हसतमुख असो. माणसांचा आकडाही वाचा. मुलाखतीत '८० जणांची टीम' आणि इथे मार्चमध्ये ६२, जूनमध्ये ४१, सप्टेंबरमध्ये २८ असेल, तर लोक कुठे गेले हा प्रश्न तुमच्या हातात तयार आहे. आकडा तंतोतंत नसतो, कारण काही कर्मचारी नियमानुसार पीएफच्या बाहेर राहू शकतात, म्हणून एकट्या आकड्यावर न जाता तो चढतोय की उतरतोय ते पाहा. यादीत कंपनीच नसेल तर? २० पेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ बंधनकारक नाही. काही फार मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो. या दोन्हीत न बसणारी कंपनी यादीत नसेल तर ती ऑफर बाजूला ठेवा.

एकमालकी व्यवसायाला सीआयएन नसतो. त्याच्यासाठी जीएसटी क्रमांक बघा. १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि पोर्टलवर नोंदणीची तारीख व विवरणपत्रं वेळेवर भरली का ते दिसतं.

एवढं पाहून झालं की मालकाला किंवा संस्थापकाला दोनच प्रश्न. स्टार्टअप असेल तर: बँकेतली शिल्लक भागिले दर महिन्याचा निव्वळ खर्च, म्हणजे किती महिने पुरेल? १८ च्या वर चांगलं, ९ ते १८ मध्ये विचार करून, ९ च्या खाली असेल तर पगारात २५-३० टक्के वाढ मिळत असली तरच. 'आमची गुंतवणुकीची पुढची फेरी जवळजवळ पक्की झाली आहे' या वाक्याची किंमत शून्य धरा. छोटी सर्व्हिस कंपनी असेल तर: सर्वात मोठ्या ग्राहकाकडून किती टक्के उत्पन्न येतं? निम्म्याच्या वर असेल तर तुम्ही खरं तर त्या ग्राहकाचेच कामगार आहात, फक्त तो तुम्हाला ओळखत नाही. हे प्रश्न विचारले म्हणून ऑफर मागे घेणारा मालक असेल, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

ईसॉप, म्हणजे पुढे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क (ऑप्शन), दाखवून रोख पगार कमी केला जातो, तिथे हा हिशेब करा. '२,००० ऑप्शन' याला अर्थ नाही, एकूण शेअर किती ते विचारा. एकूण १ कोटी असतील तर तुमचा वाटा ०.०२ टक्का. कंपनी १०० कोटींना विकली गेली तर ते २ लाख रुपये, आणि तेही गुंतवणूकदारांनी आपला हक्काचा पैसा आधी काढून घेतल्यावर काही उरलं तर, आणि ऑप्शन घेण्याची किंमत वजा करून. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काहीच मिळत नाही, बाकीचे बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने. सोडल्यावर शेअर विकत घ्यायला किती दिवस देतात तेही पाहा. ३० किंवा ९० दिवस असतील तर तेवढ्यात पैसे उभे करावे लागतात, शिवाय त्या दिवशीचा शेअरचा भाव आणि तुमची किंमत यातल्या फरकावर पगारासारखा कर लागतो, हातात एक रुपया आलेला नसताना. न नोंदलेल्या कंपनीचा ईसॉप पगाराच्या गणितात शून्य धरावा. पुढे काही मिळालं तर दिवाळी.

मोठी कंपनी: कोणतं काम, कुणाच्या हाताखाली

पगाराची तपासणी इथे पाच मिनिटांत संपते. सगळा जोर एका प्रश्नावर: माझी निवड ठरलेल्या प्रोजेक्टसाठी आहे की 'पूल'साठी, म्हणजे आधी घ्यायचं आणि काम नंतर ठरवायचं अशी? पूलसाठी असेल तर जावाच्या मुलाखतीतून घेतलेला माणूस तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या बँकिंग प्रणालीच्या एल-२ सपोर्टला (दुसऱ्या पातळीच्या तक्रारी सोडवायला), रात्रपाळीत बसलेला असू शकतो. यात कुणाची लबाडी नसते. माणसाचे तास विकले जाण्यावर कंपनीचं उत्पन्न असतं, त्यामुळे जिथे मागणी तिथे माणूस.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला नव्हे, मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला विचारा. प्रोजेक्ट नव्याने बांधायचा, देखभालीचा की सपोर्टचा? कोडमधला बदल ते प्रत्यक्ष वापरात जाईपर्यंत किती दिवस लागतात? कोड तपासणारा कोण, आणि त्याला किती वर्षांचा अनुभव? शिफ्ट कोणती? ग्राहकाशी करार कधी संपतो? 'सध्या सांगता येत नाही' हे प्रामाणिक उत्तर असतं, पण त्याचा अर्थ 'पूल' असाच घ्यायचा.

बेंचचं, म्हणजे प्रोजेक्ट नसताना पगारावर बसून राहण्याचं, गणित अलीकडे बदललं आहे. पूर्वी दोन-तीन महिने बेंचवर बसून सर्टिफिकेशन करणं चालून जायचं. टीसीएसने जून २०२५ मध्ये वर्षाला निदान २२५ दिवस बिल होणारं काम आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस असा नियम आणला, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० च्या आसपास कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. तेव्हा 'मोठी म्हणजे सरकारी नोकरीसारखी' हे घरच्यांचं मत आदराने ऐकावं आणि बाजूला ठेवावं. ऑफर असलेल्या कंपनीचा बेंच-नियम काय आहे, तो विचारणं आता उद्धटपणा राहिलेला नाही.

ऑनसाइटच्या, म्हणजे परदेशात ग्राहकाकडे जाऊन काम करण्याच्या, आशेवर मोठी कंपनी निवडणाऱ्यांसाठी: अमेरिकेचा एल-१ व्हिसा कंपनीच्या आपल्याच अमेरिकी कार्यालयात होणाऱ्या बदलीसाठी असतो, आणि त्याला आधीच्या तीन वर्षांत एक सलग वर्ष त्याच कंपनीत अमेरिकेबाहेर काम झालेलं लागतं, त्यामुळे अमेरिकेत कार्यालय नसलेली छोटी कंपनी इथे सहसा बाद. एच-१बी या अमेरिकेच्या दुसऱ्या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरचं शुल्क लागलं. तोंडी दिलेल्या ऑनसाइटला निर्णयात जागा देऊ नका.

चुकीच्या प्रोजेक्टवर अडकलात तर अंतर्गत बदलीची वाट असते, पण बहुधा १२ ते १८ महिन्यांनंतर, आणि सध्याचा मॅनेजर सोडेल तेव्हा. पहिल्याच महिन्यात हा नियम वाचून तारीख लिहून ठेवा. वर्षभरात तुमच्या कोडची एकही ओळ प्रत्यक्ष वापरात गेली नसेल, तर त्या तारखेला अर्ज गेलाच पाहिजे. तीन वर्षं तिकिटं, म्हणजे नोंदलेल्या तक्रारी, बंद करण्याचा अनुभव मुलाखतीत डेव्हलपरचा अनुभव म्हणून खपत नाही.

जीसीसीबद्दल थोडक्यात. नाव मोठं, पण तुमची टीम १२ जणांची असेल तर अनुभव त्या १२ जणांचाच. प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे काय बांधायचं ते ठरवणारा, पुण्यात बसतो की लंडनला, हे विचारा. सगळे निर्णय तिकडे होत असतील तर इथे उरलेलं काम सर्व्हिस कंपनीसारखंच, फक्त कॅन्टीन बरं. टीम कुठली यावर दिवस ठरतो: लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे दीड किंवा अडीच, न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. आणि ऑफर लेटरवर नाव कुणाचं आहे ते नीट वाचा. बँकेच्या इमारतीत बसायचं पण पगार पुरवठादार कंपनीचा, असा प्रकार असेल तर ती जीसीसीची नोकरी नाही.

नवख्यांसाठी

पहिल्या दोन वर्षांत कंपनीच्या आकाराने फारसा फरक पडत नाही. तुमचं कोड रोज कुणी अनुभवी माणूस वाचतो का, याने पडतो. छोट्या कंपनीत एकच माणूस डेटाबेस, एपीआय, सर्व्हर आणि ग्राहकाचा फोन सगळं बघतो, त्यातून झपाट्याने शिकायला मिळतं, पण आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेला एकजण तरी वर असेल तर. सात नवखे आणि एक मालक अशा टीममध्ये चुकाच पाठ होतात, आणि त्या चुका आहेत हे दोन वर्षांनी दुसरीकडच्या मुलाखतीत कळतं.

सहीचे कागद

मूळ गुणपत्रिका कुणाकडेही जमा करू नका, कोरा चेक देऊ नका. चेक न वटण्याचा गुन्हा वेगळा असतो, बॉण्डचा वाद वेगळा. बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, ही नुसती धमकी असंही समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षांची सेवा-अट आणि २ लाखांची भरपाई वैध धरली. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही अट मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. बॉण्डची मुदत, रक्कम आणि ती रक्कम महिन्यागणिक कमी होते का, हे वाचूनच सही करा.

नोटीस पिरियड मोठ्या कंपन्यांत सहसा ९० दिवस, छोट्यांत ३० ते ६०. नव्या ठिकाणी महिनाभरात येणारा माणूस हवा असतो, म्हणून ९० दिवस हा पगारातला न दिसणारा तोटा आहे. पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते तुमच्या हक्काने की 'कंपनीच्या मर्जीने', हा शब्द करारात शोधा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत परत करायचा असेल तर बरेचदा कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात, तुमच्या खात्यात तेवढी कधीच आलेली नसते.

जुनी नोकरी सोडण्याचा मेल नव्या कंपनीचं सही झालेलं पत्र हातात येईपर्यंत टाकायचा नाही. इरादापत्र किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'कन्फर्म' पुरेसं नाही.

रुजू झाल्यावर

पहिल्या पगारानंतर दीड महिन्याने पीएफचं पासबुक उघडा, रक्कम आली का पाहा. दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर २६ एएस, म्हणजे तुमच्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणारं विवरण, बघा. पगारातून कर कापला पण सरकारकडे भरला नाही, हा छोट्या कंपन्यांतला नेहमीचा आजार आहे, आणि तो तुम्हाला विवरणपत्र भरताना, म्हणजे फार उशिरा कळतो.

छोटी कंपनी बंद पडली तर पुढच्या नोकरीच्या पडताळणीत तुमचा अनुभव सांगणारं कुणी उरत नाही. पीएफ असेल तर तिथली सेवानोंद कामी येते. नसेल तर नियुक्तीपत्र, प्रत्येक महिन्याची पेस्लिप, फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा दाखला) आणि पगार जमा झालेली बँक विवरणं एवढाच पुरावा. हे सगळं दर महिन्याला स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवत जा. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवलेलं त्या लॅपटॉपबरोबरच जातं.